दादाचे इअरफोन

१५ नोव्हेंबर १९८६, शनिवार
बोरगाव मेघे

आज दादाबरोबर वर्ध्याच्या बाजारात इअरफोन बघायला गेले. त्याच्या वॉकमनचे तुटलेत. ऐकायचं तर इंग्रजी रॉकच, म्हणून कानात घट्ट बसणारे हवेत, पण स्वस्तातले. टीबीची इंजेक्शनं संपल्यापासून पहिल्यांदाच तो हौसेने घराबाहेर पडला. मलाही किती बरं वाटत होतं.

दुकानदाराने तीन जोड काढून दिले. दादाने स्वतःची कॅसेट लावली, पहिला जोड कानात घातला आणि म्हणाला, "याच्यात झांज वाजूनच नाई राह्यली." ड्रमवरची झांज, गाणं सुरू होतानाच वाजते ती. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यातही नाही. "गिटार येते, पण दबलेली. सारा माल भंगार हाये, भाऊ."

दुकानदार चिडला. "ताई, तुम्हीच ऐका बरं."

मी ऐकलं. झांज होती. तिन्हींत होती, अगदी स्वच्छ. पहिला जोड पुन्हा घालून पाहिला, वाटलं माझंच काही चुकत असेल... नाही. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "हो रे, नाईच येत." दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला.

का खोटं बोलले? पण दुसरं काय बोलणार होते? टीबीच्या इंजेक्शनांनी कानांवर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

परत येताना दादाने कॅसेट खिशात घातली. मग म्हणाला, "इअरफोन चांगले होते, हे आईले सांगू नको."

आत्ता आई स्वयंपाकघरातून विचारून राह्यली, "काऊन नाई आणले गं?"