साठच्या खाली

२ मे, शनिवार
ही काल लेकीला घेऊन परत माहेरी गेली. इथे आल्याला दोनच रात्री झाल्या होत्या. लेक तीन महिन्यांची. दोन रात्रींत तिची मान, पाठ, काखा घामोळ्यांनी लालभडक. ही म्हणाली, अहो, ही झोपायची खोली नाही, प्रेशर कुकर आहे; हवा बदलली की येऊ, चार महिन्यांनी. मी म्हटलं, चार महिने कशाला, पंधरा दिवस दे. बरं म्हणाली, सतरा तारखेला येऊन बघते, पण खोली गार आणि कोरडी असल्याशिवाय बॅग उघडणार नाही.
सासऱ्यांनी चाळीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. जुना एसी पडून आहे, बसवून देतो म्हणाले. नम्रपणे नकार दिला. मी वजन-काटे तपासणी खात्यात आहे. माझ्या शिक्क्याशिवाय बाजारातला एक तराजू हलत नाही. आठ बाय नऊच्या खोलीसाठी सासऱ्यांचे उपकार घेणार नाही.

४ मे, सोमवार
आर्द्रता मोजायचा मीटर आणला. गॅलरीत ६२. खोलीत ७६, तापमान ३४. निष्कर्ष: बाहेरची हवा चांगली असते, आत आली की बिघडते. म्हणून ती आत येऊच द्यायची नाही.
एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून किती बाष्प निघतं ते वाचलं. धक्काच बसला. लगेच नियम लिहून पलंगावरच्या भिंतीला चिकटवला: 'आर्द्रता साठच्या खाली. साठ किंवा वर गेल्यास जास्तीच्या माणसाने खोलीबाहेर जावे. अपवाद नाही.' खाली सही, तारीख. सासरे आले की पलंगावर बसून तास तासभर गप्पा मारतात. नाव घातलेलं नाही, पण समजायला हुशार आहेत.

६ मे, बुधवार
मागच्या डक्टकडे उघडणारी खिडकी थर्माकोलने बंद. दारावरचा झरोका बंद. दाराच्या कडांना जाड फेल्ट. आता दार लावलं की कानात बोटं घातल्यासारखं वाटतं. शेजारच्या काकू बघायला आल्या. म्हणाल्या, अरे, श्वास कुठून घेणार तू? पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सगळं पटलं असावं, कारण एकदम उठून गेल्या.

७ मे, गुरुवार
ऑफिसातल्या एकाकडून कूलर आणला. वीस लिटर पाणी. दोन तासांत ३१ डिग्री! स्वतःची पाठ थोपटली. पाठ ओली होती. आर्द्रता ९१.
हिला फोनवर ३१ कळवलं. ती म्हणाली, आणि दुसरा आकडा? मी म्हटलं, आवाज तुटतोय. ती म्हणाली, मला तर अगदी स्पष्ट ऐकू येतंय.

९ मे, शनिवार
खडे मीठ हवेतलं पाणी ओढतं. काल पाच ताटं भरून खोलीत मांडली. सकाळी तीन ताटांत चक्क पाणी. शास्त्र सिद्ध झालं. त्यातल्या एकात माझा पाय पडला. खारं पाणी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलं, तिथे लेकीची दुपटी होती. सगळी धुतली. गॅलरीत धूळ असते, म्हणून खोलीतच दोरी बांधून वाळत घातली.
संध्याकाळी आर्द्रता ९३. कारण शोधतो आहे.

११ मे, सोमवार
कूलर बंद. मीठ बंद. आता उष्णतेने बाष्प हटवायचं. दोनशे वॅटचे दोन बल्ब रात्रभर. आर्द्रता ६८! तापमान ३९. दोन्ही आकडे एकाच दिवशी शहाण्यासारखे वागत नाहीत. माझ्या खात्यात असते तर दोघांना सील ठोकलं असतं.
झोप नाही. बाजारात एका भाजीवाल्याच्या काट्यावर शिक्का उलटा मारला. तो म्हणाला, साहेब, घरी पाहुणे आलेत का? म्हटलं, नाही, गेलेत.

१३ मे, बुधवार
हिचा फोन. लेक आता कुशीवर वळते. मागून सासऱ्यांचा आवाज: जावईबापू, आठवडाभरात पालथी होणार बघा, आम्ही सगळे चटईभोवती बसूनच असतो.
सगळे. म्हणजे ही, सासरे, सासूबाई. मी तर इथे मीटरभोवती बसलेला. ७९.
सासऱ्यांनी एसीचं पुन्हा काढलं. म्हटलं, बाबा, काम अंतिम टप्प्यात आहे. ते म्हणाले, ते खरं, पण खिडकी उघडी ठेवता ना? एवढी वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, आणि प्रश्न असा.

१५ मे, शुक्रवार
दार फुगलंय. खांदा लावल्याशिवाय हलत नाही. म्हणजे सील उत्तम बसलं. अनपेक्षित यश.

१७ मे, रविवार
सकाळी ७.१०. ही दहाला येणार. शेवटचं रीडिंग अचूक यावं म्हणून आत आलो आणि दार दणकून लावलं.
७.२५. दार उघडत नाही.
७.४०. हँडल हातात आलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. वही आणि पेन जवळ आहे, हे एक बरं.
८.१५. ८१. तापमान ३५.
८.५०. ८६. कूलर बंद, मीठ नाही, दुपटी वाळलेली. खोलीत मी सोडून कोणीही नाही. मग आकडा वाढवतंय कोण?
९.३०. खिडकीचं थर्माकोल काढावं का? नको. पंधरा दिवसांच्या मेहनतीवर अर्ध्या तासासाठी पाणी सोडायचं नाही. शर्ट काढला. भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला. जास्तीच्या माणसाने खोलीबाहेर जावे. प्रयत्न चालू आहे.
१०.०५. बाहेरच्या दाराचा पुसट आवाज, म्हणजे ही आली. तिच्याकडे घराची किल्ली असते. मी ओरडलो. फेल्टमुळे आवाज बाहेर जात नाही. काम चोख झालंय.
१०.२०. शेवटी दारावर हँडल आपटलं. ही घाबरून दाराला तोंड लावून ओरडली, अहो, आत काय करताय? म्हटलं, रीडिंग घेतोय. ती म्हणाली, बाहेर येऊन घ्या. म्हटलं, तीच तर अडचण आहे. मग सासऱ्यांचं मोठ्याने हसणं. ते सोबत आलेले हे मला माहीत नव्हतं.

रात्री ८. राहिलेलं लिहितो. सासरे स्टुलावर चढले, झरोक्यातलं थर्माकोल काठीने आत ढकललं आणि वरून स्क्रू ड्रायव्हर सोडला. बिजागऱ्या आतल्या बाजूला, म्हणजे काम मलाच करायचं. ते वरून सांगत होते, खालची आधी, जावईबापू, नाहीतर दार अंगावर येईल. मी वरची आधी काढली.
दार अंगावर आलं. मागोमाग हवा आली.
हिने आधी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, अहो, लागलं का? आणि पदराने माझं कपाळ पुसलं. पंधरा दिवसांत तेवढंच कोरडं झालं असेल.
सासऱ्यांनी आत येऊन खिडकी उघडी केली. टेबलफॅन खिडकीत ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, बाबा, उलटा लागलाय. ते म्हणाले, बघा तर खरं. तासाभरात तापमान ३०. आर्द्रता ६१. दार दुपारी गच्चीवर उन्हात उभं केलं. सुकलं तरी बसवू नका म्हणाले, पडदा लावा.
एसीचं एका शब्दाने बोलले नाहीत. हे फार लागलं.

१८ मे, सोमवार
काल रात्री झोपताना ६१. हिने बॅगेला हात लावला नव्हता. भिंतीवरचा कागद वाचत होती. मग मला म्हणाली, जरा बाहेर जाऊन उभे राहा बरं. राहिलो. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, एकोणसाठ. आत गेलो. थोड्या वेळाने ६१. पुन्हा बाहेर. ५९. ती म्हणाली, सही तुमचीच आहे ना?
तो नियम पाहुण्यांसाठी होता असं म्हणणार होतो. तेवढ्यात बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.
चटई पॅसेजमध्ये टाकली. व्यवस्था तात्पुरती आहे. यंत्रणा यशस्वी.

२१ मे, गुरुवार
सकाळी ६.३०. पॅसेजमधून खोली पूर्ण दिसते, कारण दार नाही आणि पडदा अजून आणलेला नाही. लेक कुशीवर वळली, हात अडकला, चिडली, एक पाय हवेत मारला आणि पालथी झाली. मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. ही झोपेत. सासरे त्यांच्या घरी. बघणारा मी एकटा.
धावत आत निघालो. उंबऱ्यात थांबलो. मीटरवर बरोबर साठ होतं.
टाळ्या बाहेरूनच वाजवल्या.