कागद उडाले तरी

पोर्तो, पोर्तुगाल

ती. अण्णांस नमस्कार.

काल नदीकाठी मी शिकवते त्या मुलांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. मध्येच वाऱ्याने सगळ्यांचे नोटेशनचे कागद उडवले. बाकीची मुलं थांबली. माझी क्लॅरिनेटची पोरं मात्र वाजवत राहिली, मग व्हायोलिनवाले त्यांच्या मागोमाग आले. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

संचालकबाईंनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी म्हटलं, काळाचौकीच्या लग्नाच्या बँडची. आधी तोंडाने म्हणायचं, मग वाजवायचं, असं आमचे अण्णा शिकवतात.

इथे बांगडे मिळतात, जेवणाची काळजी नको. आई फोनवर म्हणाली, अर्धांगाच्या झटक्यानंतर हात वळत नाही म्हणून तुम्ही क्लॅरिनेट माळ्यावर टाकलंत. ते काढून आपल्या धाकट्या रूपेशला द्या. तुम्ही तोंडाने म्हणा, तो वाजवेल.

तुमची लेक,
शेफाली