कमळामृत पावडर

२० जून
आजपासून रोजनिशी. मोठे उद्योजक लिहितात म्हणे. सापगावात मी गिरणीवाला कमळाकर, पण किती दिवस?
सूनबाई मिताली कल्याणला नोकरीला जाते. तिच्या पर्समधून आज एक डबा निघाला. गव्हाच्या कोवळ्या गवताची पावडर. सकाळी चमचाभर पाण्यातून घ्यायची. वास घेतला. भिजलेल्या गोठ्याचा. किंमत ऐकल्यावर वास आवडायला लागला.
डब्यावर लिहिलंय, गवत कांडं धरायच्या आत कापतात, वाळवतात, दळतात. कापायला कोयता आहे. दळायला गिरणी आहे. फक्त गवत नाही.

२१ जून
गवत आहे. सकाळी राबाकडे गेलो. लावणीसाठी बायकोनं, जनीनं, तिथे पेरलेली भाताची रोपं वीतभर झालीत. गहू काय, भात काय, शेवटी गवतच. मितालीला विचारलं. तिनं मोबाइलमध्ये बघितलं, म्हणाली, हो पप्पा, एकाच फॅमिलीतले आहेत, पण... पुढचं ऐकलं नाही. गिरणीवर गिऱ्हाईक आलं होतं.

२२ जून
जनीला योजना सांगितली. म्हणाली, रोपांना हात लावून बघा फक्त. वर्षाचं खाणं हाय ते आपलं.
बायकांना व्हिजन नसते. ठरवलं, एकच कोपरा. प्रयोगापुरता.

२४ जून
पहाटे जनी उठायच्या आत कोपरा कापला. केस कापले की जोमानं येतात, तसंच हे. माझ्या टकलाचा इथे संबंध नाही.
या दिवसांत ऊन कुठलं? खोलीत पंख्याखाली चादरीवर पसरलं. रात्री जनी ओटीवर झोपायला गेली. जाता जाता म्हणाली, दावं आणून देऊ का, म्हंजे बांधून घेऊन नीट निजाल.

२७ जून
वाळलं. जरा काळपट आहे. डब्यावरच्या फोटोला त्यांनी रंग दिला असणार. गिरणीत दळलं. नाव ठेवलं कमळामृत.
सकाळी ग्लासभर घेतलं. दुपारी अंग हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत फारच हलकं. आता लिहायलाही बसवत नाही. शरीर स्वच्छ होतंय.

२८ जून
गिरणी झाडायची राहिली. आज निम्म्या सापगावात हिरव्या भाकऱ्या झाल्या.
मंगळीकाकू भाकरी घेऊनच आली. म्हणाली, कमळाकर, ही आमी खायची का म्हशीला घालायची? म्हटलं, खा काकू, फुकट ताकद आहे. म्हणाली, म्हशीला इचारलं, ती नाय म्हणते.
जाहिरात न करता माल घरोघरी पोचला. कंपन्यांना हे जमत नाही.

१ जुलै
मितालीच्या ऑफिसातली एक बाई पावडरीबद्दल ऐकून 'बघू' म्हणाली. बघू म्हणजे ऑर्डरच.
योगायोगानं जनी वैशाखऱ्याला गेलीय, माहेरी. दरवर्षी लावणीला येणाऱ्या धाऊला कोयता घेऊन बोलावलं. राबाच्या कडेला उभा राहिला नि म्हणाला, दादा, समदं कापलं त लावायचं काय? म्हटलं, पुन्हा येतं. म्हणाला, येल त येल. राब तुमचा, बायको बी तुमचीच.
धाऊला कंपनीत घ्यायचं नाही. निगेटिव्ह माणूस.
मुळापासून कापलं. उतारा जास्त पडतो.

५ जुलै
जनी आली. राब बघून आली. ओरडली नाही, म्हणजे पटलंय. चहा टाकला. एकच कप. तो तिनंच प्यायला.

१० जुलै
कापलेली रोपं फुटली नाहीत. पाणी साचून मुळं कुजली. हवामान बदललंय, त्याला मी काय करणार.
खोलीतल्या मालाला पांढरी बुरशी आली. तरी त्यातलाच थोडा नमुना मितालीबरोबर पाठवला. तिच्या ऑफिसातल्या बाईनं आता तिच्याबरोबर डबा खायचं सोडलं. मिताली म्हणाली, पप्पा, प्लीज.

१४ जुलै
गावात उरलेली रोपं कोणाकडे नाहीत. ज्याच्याकडे आहेत तो लावतोय. शेवटी जनीबरोबर वैशाखऱ्याला मेहुण्याकडे गेलो. वाल्मिकनं चहा दिला, पाणी दिलं, तब्येत विचारली. मग जनीला म्हणाला, रोपं नेस ताई, पण जुड्या दाजींच्या हातात देऊ नको गो. पिऊन टाकतील.
त्याच्याकडे उरलेली रोपं आमच्या निम्म्या शेताला पुरतील एवढीच.

१७ जुलै
निम्मं शेत लावून झालं. निम्मं मोकळं. जमिनीलाही विश्रांती लागते, असं मी बांधावरून सांगितलं. चिखलात वाकलेल्या बायकांपैकी एकीनंही मान वर केली नाही. जनी म्हणाली, तांदूळ फाल्गुनापर्यंत पुरंल. पुढं जमीन विश्रांती शिजवंल.

८ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.
घरचा तांदूळ संपला. आमच्या घरात तांदूळ विकत आणलेला मी पाहिलेला नाही. आजानंही नसेल पाहिला. गावच्या दुकानात जायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत बातमी चावडीवर. म्हणून शहापूरला गेलो. तिथला दुकानदारही ओळखीचा निघाला. म्हणाला, शेट, तुमी नि तांदूळ? म्हटलं, घरी पाहुणे आलेत.

६ एप्रिल
पुन्हा शहापूर. या वेळी जनी बरोबर आली, मी जाडा तांदूळ उचलतो म्हणून.
दुकानदारानं वजन करता करता विचारलं, शेट, पाहुणे अजून गेले नाय?
मी काहीतरी सांगणार होतो. जनीच म्हणाली, एकच हाय वो. पण त्याला घालवायचा कुठं?
दुकानातली सगळी हसली. तीही. किती महिन्यांनी हसली.
पिशवी मी उचलली.