काचपट्टी पुन्हा उलटवू देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
ज्ञानवर्धक मंडळ,
ठाकूरद्वार, मुंबई.

विषय : सत्कार समारंभात यकृतकृमीची काचपट्टी उलटवल्याचा खुलासा, व तीच कृती चौकशी समितीसमोर पुन्हा करण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : गैरवर्तनाबद्दल मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राची सहायक प्राध्यापिका आहे. विभागप्रमुख डॉ. सिद्धार्थ तळपदे यांचा अपमान करण्यासाठी मी काचपट्टी बदलली, असे नोटिशीत म्हटले आहे. पैकी अपमानाचा हेतू मला मान्य आहे. काचपट्टी मात्र बदललेली नाही.

१. लालबागला आमच्या चाळीखालच्या मटणवाल्याकडून मेंढीचे रोगट यकृत आणून त्यातले चपटे कृमी मी रंगवून काचपट्ट्यांवर बसवले होते. या कृमीच्या एकाच देहात वृषणही असतात आणि अंडाशयही. जगायला मात्र त्याला दुसऱ्याचे यकृत लागते. अंडाशय अंगाच्या उजवीकडे असते. पालथा कृमी पोटाकडूनच दिसतो आहे असे समजले, तर ते डावीकडे असल्याचा भास होतो. विद्यार्थ्यांना हा फरक कळावा म्हणून एक कृमी मी मुद्दाम पालथा बसवला, त्याचे चित्र काढले, खाली ‘पाठीकडून’ असे लिहिले आणि त्या शब्दाला लागूनच सही केली.

२. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना डॉ. तळपदे यांनी ते चित्र व ती काचपट्टी माझ्या कपाटातून नेली. चित्राखालची सही कापताना शेजारचा शब्दही कापला गेला. त्यानंतर ‘डाव्या अंडाशयाची नवी जात’ असा त्यांचा लेख छापून आला. जातीला, अध्यक्ष महोदय, आपल्या कैलासवासी वडिलांचे नाव देण्यात आले. माझे नाव आभारात होते, ‘प्रयोगशाळा मदतनीस’ म्हणून.

३. रुजू होताच मी सरांना जाब विचारला. ते खुर्चीतून न उठता म्हणाले, “अहो दर्शनाबाई, तुम्ही आता बाळाकडे बघा. चित्र काय, कोणीही काढतं.” कृमी पालथा आहे हे सांगायला मी तोंड उघडले होते. ते वाक्य ऐकून मिटले. पुढे त्यांचे सत्कार होत गेले, मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. सर जितके उंच चढतील तितके मला हवे होते. याचा मला खेद नाही.

४. आपल्या सभागृहातल्या सत्काराला सूक्ष्मदर्शक पडद्याला जोडून चालवायचे काम सरांनीच मला सांगितले. आपण व्यासपीठावर होतात. सर छडीने दाखवत होते, “हे पाहा, डावीकडचं अंडाशय.” मी काचपट्टी उचलली, उलटवली आणि परत ठेवली. पडद्यावरचे अंडाशय दुसऱ्या बाजूला गेले. प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते तिथे. पाहुण्या म्हणून आलेल्या डॉ. अपूर्वा विजयकर यांनी विचारले, “मग नवी जात कुठे गेली?” सर माझ्यावर ओरडले, “पट्टी सरळ करा!” मी म्हणाले, “सर, आत्ताच सरळ केली.” सभागृह हसले. लेकीच्या जन्मानंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

५. दुसऱ्या दिवशी सरांनी मी पट्टी बदलल्याची तक्रार केली आणि मला निलंबित करण्यात आले. म्हणून विनंती की समितीसमोर तीच पट्टी पुन्हा ठेवावी. या वेळी मी हात लावणार नाही. सरांनी स्वतः भिंगातून पाहावे, स्वतःच्या हाताने ती उलटवावी आणि अंडाशय कुठे आहे ते मोठ्याने सांगावे. विद्यार्थ्यांना आत बसू द्यावे.

६. आपल्या वडिलांच्या नावाची जात कोणत्याही मेंढीच्या यकृतात सापडणार नाही. ती फक्त सरांच्या लेखात राहते. तिथून ते नाव काढायचे की नाही, हे आपण मुलगा म्हणून ठरवावे.

७. मला परत घ्यावे अशी मागणी मी करत नाही. नोकरी गेली तरी चालेल. सर पट्टी उलटवत असताना मला समोरची खुर्ची मिळावी, एवढेच.

नोटिशीला बांधील तेवढीच नम्र,

(सही)
दर्शना मयूर घाडी
लालबाग, दि. ११ जुलै २०२४

सोबत : नोटिशीची प्रत, छापील लेखातील चित्राची छायाप्रत.