कुरणातून रानात गेलेली आग

याकुत्स्क, ३ ऑगस्ट

ती. एर्चिमदादास, तुयाराचा सा. न. वि. वि.

दोन महिन्यांत तुझं एक पत्र नाही. शहरात रोज धूर येतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. घोडे सुखरूप असल्याचं बसवाल्याकडून कळलं. घोड्यांची खबर येते, मालकाची नाही!

लोक सांगतात, वणवा शेजारच्या अनीसियामावशीच्या धुरांड्यातल्या ठिणगीने लागला आणि वन खातं तिला सारखं बोलावतंय. मला नाही पटत. सत्तर वर्षं चूल सांभाळलेली बाई ती. रागावू नकोस, पण वडिलांसारखं तूही नऊ मेला कुरणातलं जुनं गवत जाळलंस का? वडील नुसत्या तारखेवर जात नव्हते रे. रानाच्या कडेला गुडघाभर बर्फ उरलाय ना, ते बघून काडी लावायचे, म्हणजे आग तिथेच विझायची. यंदा तो एप्रिलातच गेला. खरं काय ते लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुयारा

तीत-आलास, १९ ऑगस्ट

चि. तुयारास अ. आ.

तू लहानपणापासून चोंबडीच. हो, मीच जाळलं. वारा फिरला आणि आग लार्चच्या रानात शिरली. वरची विझली, पण शेवाळाखाली अजून धुमसतेय. मला घरात बसवत नाही, दिवसातून तीनदा तिकडे जाऊन येतो.

शेवाळ म्हणजे या जमिनीची गोधडी. ती जळाली, आता खालचा जुना बर्फ वितळतोय आणि वाचलेली झाडंही एकमेकांवर रेलली आहेत. रानाच्या कडेचं मावशीचं बर्फाचं तळघर पाण्याने भरलं, हिवाळ्यासाठी ठेवलेलं मांस नासलं. वर ठपका तिच्यावरच, आणि मी तोंड शिवून बसलोय. कबूल केलं तर कुरण जाईल. मग घोडे कशावर जगवू?

एर्चिम

याकुत्स्क, २७ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

घोड्यांचं माझ्या दिरांशी बोलले, हिवाळाभर त्यांच्याकडे राहतील. आता सबब उरली नाही. आधी मावशीकडे जा, खात्यात नंतर. अंगाने अस्वल आणि काळीज सशाचं, असं कसं रे तुझं!

तुझीच, तुयारा

तीत-आलास, ८ सप्टेंबर

चि. तुयारास अ. आ.

गेलो. उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. उद्या खात्यात जबानी देणार, तेही सांगितलं. मावशीने दूध घातलेला चहा पुढे केला आणि म्हणाली, की त्या दिवशी मला काडी ओढताना तिने खिडकीतून पाहिलं होतं. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलंस? त्यावर ती म्हणाली, की तुझ्या बापाचा मुलगा आपणहून येतोय का, तेवढंच बघायचं होतं. चार महिने लावलेस म्हणाली.

तुझा लोभ राहू दे, मला त्याची गरज आहे.
एर्चिम