उलटा फिरलेला पंखा

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हिमायतनगरच्या वकीलसाहेबांची पांढरी अँबॅसिडर परवा पुन्हा आपल्या एसी-दुरुस्तीच्या शेडमध्ये आली, म्हणून लिहायला बसलो. एरवी त्या गाडीचा विषय मी मनात आला तरी हुसकावून लावतो. साहेब आता काठी घेऊन चालतात, पण गाडी विकायचं नाव काढत नाहीत. म्हणाले, नांदेडला पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो, एसी नव्या गाडीसारखा करून द्या. तुम्ही असताना आपण दोघांनी बसवलेलं सगळं उतरवलं आहे. पुढं गॅस थंड करणारी मोठी जाळी बसवतोय, जुना जड कॉम्प्रेसर काढून हलका लावतोय. पायाखालची चटई उचलली तर गरमी अडवायला तुम्ही अंथरलेलं नमद्याचं जाड अस्तर अजून जागच्या जागी होतं. कडा तुमच्या कात्रीच्या, सरळ. मी कापतो ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं, हे तुम्हीच म्हणायचा.

गाडी आली की तुम्ही आधी एसीच्या गॅसकडे बघतच नव्हता. इंजिन चालू ठेवून, एसी बंद करून, चपला काढून मागच्या सीटवर बसायचा आणि अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर ठेवायचा. लोकांना वाटायचं म्हातारा आराम करतोय. पाच मिनिटांनी उठून खडूनं पत्र्यावर खुणा करायचा, इथून गरमी येते, इथून येते. एकदा मी गिअरच्या दांड्याजवळचं भोक बुजवायचं विसरलो आणि गॅस भरायला घेतला, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मला झापलं होतं. "इथून इंजन फुंकून राहिलंय आन तू गॅस वाढवून राहिला? अक्कल घरी ठेवून आला का?" मी दोन दिवस फुगून बसलो होतो. तेव्हा मी काही पोर नव्हतो, दोन लेकरांचा बाप होतो, म्हणून जास्त झोंबलं. आता वाटतं, अजून एकदा झापायला या.

मग एका उन्हाळ्यात आपण साहेबांच्या याच गाडीला पहिल्यांदा एसी बसवून दिला आणि तिसऱ्या दिवशी ती परत आली. रस्त्यावर जरा बरी, पण रेल्वे फाटकाशी थांबलं की आत भट्टी. तुम्ही काही बोलायच्या आत मीच बोललो. मी नुकताच लातूरला जाऊन नव्या गॅसचं शिक्षण घेऊन आलो होतो, त्याचा माज होता. पाइपवरच्या काचेच्या भिंगात दिसणारे बुडबुडे जाईपर्यंत भरायचं ही जुन्या गॅसची रीत, नव्याला तसं भरलं की जास्त होतो, हे मी साहेबांसमोर मोठ्यानं सांगितलं. "चाचा, तुम्ही जुन्या अंदाजानं भरलं. आता काट्यावर तोलून भरावं लागतं." तुम्ही पाइपवर हात ठेवून उभे आहात, अजूनही दिसतं मला. तुम्ही एवढंच म्हणालात, "आसंल बाबा. तू शिकून आला हाय." आणि साहेबांना घेऊन चहाला गेलात.

मी गॅस सोडला, तोलून पुन्हा भरला. गाडी तशीच गरम. मग तुम्ही ज्यातून भरलं होतं तो सिलिंडर काट्यावर ठेवला. तो या एकाच गाडीसाठी उघडला होता. कमी झालेलं वजन बरोबर तेवढंच होतं, जेवढं मला लातूरला शिकवलं होतं. नुसत्या हाताच्या अंदाजानं, चाचा. मग मी पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. पंख्यानं तो आत ओढून जाळीला चिकटवायला हवा. कागद उडून माझ्या तोंडावर आला. पंखा उलटा फिरत होता, आत जायची हवा बाहेर ढकलत होता. त्याच्या दोन तारा मीच जोडल्या होत्या, उलट्या. त्या अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं. तुम्ही दोघं परत आलात तेव्हा आत गारवा होता. साहेबांनी विचारलं काय झालं होतं, आणि मी म्हणालो, "गॅस जास्त झाला होता, आता बरोबर केला."

तुम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलात, हवा तोंडावर घेतलीत, मान हलवलीत. त्या दिवसानंतर तुम्ही गॅसला हात लावला नाही. मी म्हणायचो चाचा, या, बघा, तर म्हणायचा, "तूच भर. माझा अंदाज गेला आता." रमजान ईदला घरी बोलावून शीरखुर्मा खाऊ घातलात आणि गॅसचा दाब मोजायचे तुमचे गेज, हिरव्या फडक्यात बांधलेले, माझ्या मांडीवर ठेवलेत. मी ते घेतले. तेव्हाही बोलता आलं असतं. नंतर तुम्ही शेडच्या दारात खुर्ची टाकून बसू लागलात, आल्यागेल्याला पाणी द्यायचा, आणि कुणी गाडीची तक्रार सांगितली की माझ्याकडे बोट दाखवायचा. चाळीस वर्षांचा हात मी एका खोट्या वाक्यात तुमच्याकडून काढून घेतला. मला त्याची लाज वाटते, आणि तुमची आठवण येते तेव्हा आधी ती लाजच येते.

आज दुपारी साहेब काम बघायला आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "तुमचे चाचा सोन्यासारखा माणूस. पण शेवटी शेवटी हात चुकायला लागला व्हता त्यांचा. माझ्याच गाडीला कळलं ते." मी खाली वाकून बोल्ट आवळत होतो. म्हणालो, "हाव साहेब. वय झालं व्हतं."

तुमचा मुलगा दोन गल्ल्या सोडूनच राहतो. हे त्याला वाचायला देता येईल, पण देणार नाही. उद्या साहेब गाडी न्यायला येतील. तेव्हा त्यांना खरं सांगीन, असं इथं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं आहे.