चहानंतरचे पाच बळी

लालबाग, मुंबई
५ डिसेंबर १९५७

दादा,

‘तीर्थस्वरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं की तू मालन वहिनीला म्हणतोस, “गुणग्यान कायतरी भानगड केल्यान.” म्हणून नुसतं दादा. भानगड आहेच, पण तिला अजून दोन पानं अवकाश आहे.

मी इथे बरा आहे. आईचा खोकला कसा आहे? वहिनीने पाठवलेली कुळथाची पिठी सुंदराबाईंनी अर्धी उचलली आणि वर मलाच शेजारधर्म शिकवला. बाळी आता चुरूचुरू बोलते म्हणे. तिला ‘काका’ म्हणायला शिकवा, नाहीतर मला ‘तो मुंबईवाला’ म्हणायची. आपल्या चाळीतले चौघे पंतप्रधानांना काळे झेंडे दाखवायला प्रतापगडला गेले होते, ते परवा परतले. बाबुरावांचा घसा इतका बसलाय की दोन दिवस चाळीत सगळे सुखाने झोपले.

आता नीट बस आणि ऐक. मुंबईच्या संघात माझं नाव आलंय. रणजीच्या मॅचला! हो रे, तुझ्या गुणग्याचं! पेपरात छापलंय. बाबुरावांनी कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, त्यात ‘गुणाजी’चा ‘गुणजी’ केला, तरी मी तासभर तिथेच घुटमळत होतो.

मॅच नाताळात आहे, इथेच. कुणाशी ते सांगतो. घाई कसली?

तुला आठवतं, तू मला गॅलरीत बॉल टाकायला लावायचास? गिरणीतल्या टाकाऊ सुताचा गुंडाळलेला तो चेंडू. साच्यावर तुटलेला धागा जोडताना चिमटीत पीळ देतोस तसाच चेंडूला दे, म्हणायचास. मी जोर लावला की डोक्यात टपली. “चेंडूक घाई नसता, तुका आसता.” आज जिमखान्यावरचे कोच तेच इंग्रजीत सांगतात आणि सगळे माना डोलावतात. मला हसू येतं.

गिरणीच्या संघात घेतल्यापासून काय काय झालं, तुला कुठे धड लिहिलंय? टाइम ऑफिसात खुर्ची मिळाली, दुपारी दोनला सरावाला सुट्टी. पहिल्या मॅचला बूट नव्हते, तर विकेटकीपरचे जुने घातले, पुढे कापूस कोंबून. जेवायला काटे-चमचे आले तेव्हा मी पोट बिघडलंय म्हणून नुसता पाव खाल्ला. दोन पावसाळे ओल्या खेळपट्ट्यांवर टाकत राहिलो. बोटांची सालं निघायची, वर हळद लावून ऑफिसात बसायचो. गेल्या महिन्यात सराव सामन्यात एका नावाजलेल्या फलंदाजाला मी बोल्ड काढलं. तो जाता जाता थांबला आणि म्हणाला, “कुणी शिकवलं?” मी म्हटलं, “भावाने.” त्याने विचारलं, “कुठून खेळतो तुझा भाऊ?” मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो.

बरं. मॅच महाराष्ट्राशी आहे.

हस. मोठ्याने हस, वहिनी धावत येऊ दे. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून तू लाठी खाल्लीस, आणि तुझा भाऊ मुंबईकडून महाराष्ट्राच्या विकेटी काढणार! क्रिकेटवाल्यांनी दोघांचे संघ कधीच वेगळे करून ठेवलेत, त्याला मी काय करू? सुंदराबाई म्हणाल्या, “मेल्या, अख्खी मुंबई महाराष्ट्रात जायला धडपडतेय, आणि तू त्यांनाच आऊट करणार?” बाबुरावांचा तर पार गोंधळ झालाय. म्हणतात, माझ्या विकेटला टाळ्या वाजवीन, पण धावा महाराष्ट्राच्या मोजीन.

हसलास ना? आता पुढचं वाच. पुढचं वाचून तू हसणार नाहीस.

पेपरचं कात्रण तुला पाठवायला पाकिटात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. त्यात लिहिलंय, ‘नोव्हेंबर १९५५ मधील हरताळाच्या दिवशी माटुंग्यास झालेल्या गिरणी-संघाच्या निवडचाचणीत या गोलंदाजाने चहापानापूर्वी दोन व चहापानानंतर पाच बळी घेतले.’ दादा, तू हिशेबाला पक्का आहेस. त्या दिवशी तुझ्या साच्यावरच्या जोडीदाराला, सीतारामला, माझ्याकडे किती वाजता धाडलंस, तुला ठाऊक आहे. चहा किती वाजता असतो, तेही ठाऊक आहे. हे कात्रण कुणीतरी तुला दाखवणारच. त्याच्या आधी मी सांगतो.

त्या दिवशी मोर्च्याला मीही येतो म्हणालो, तर तूच मला हाकललंस. “मोर्च्याक मी आसंय. तू बॉल टाक.” मी गेलो. चहाला थांबलो, हातात कप, तोच सीताराम सायकलवरून घामाघूम आला. म्हणाला, “गुणाजी, दादाच्या खांद्यावर लाठी बसली. हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात घरच्या माणसाची सही हवी, मग भूल देतील. चल, बस मागे.”

वहिनी बाळंतपणाला गावी होती. मुंबईत तुझं घरचं माणूस म्हणजे मी एकटा.

मी विचारलं, “जिवाला धोका?”

तो म्हणाला, “नाही, पण—”

मी ‘नाही’ तेवढं ऐकलं, आणि ‘पण’ सोडून दिलं. निवड करणारे साहेब समोर खुर्चीत बसले होते. दोन विकेटी घेणारे आणखी तिघे होते. मी म्हटलं, “सीताराम, अर्धा तास थांब.” त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. सीताराम हद्दीबाहेर सायकल धरून उभा होता, बसलासुद्धा नाही. दर ओव्हरला मला दिसत होता. आणि दादा, खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, त्या दिवशी माझा चेंडू जसा वळला तसा पुन्हा कधी वळला नाही.

इस्पितळात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सही केली. डॉक्टर म्हणाले, सूज फार चढलीय, आता उद्या बघू. तुझा हात वाकडा जुळला तो तिथून. लवकर आलो असतो तर सरळ जुळला असता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

सकाळी तू विचारलंस, “इतको उशीर कसो?” मी म्हटलं, सीतारामच्या सायकलचा टायर दादरला फुटला. सीताराम तुझ्या पायाशी केळी घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “हो ना, पंक्चर झालं.” बस्स. त्यानंतर तू त्याच्याशी कधी धड बोलला नाहीस. साच्यावरची नोकरी सुटली, तू गावी निघालास, तो धक्क्यावर ट्रंक उचलून द्यायला आला, तर तू तोंड फिरवलंस. त्याने ट्रंक बोटीत नेऊन ठेवली आणि माझ्यासोबत चालत घरी आला. वाटेत माझ्यावर एका शब्दाने चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं रे!

दोन वर्षं हे मी तुझ्यापासून दडवलंय. तुझी पत्रं आली की आधी बघायचो, अक्षर सुधारलं का. डाव्या हाताने लिहितोस. अजून वळण नाही आलं. मग मला उत्तर लिहवत नसे. तीन महिने पत्र नाही त्याचं कारण हे, बाकी सरावबिराव सगळ्या थापा.

खेळू की नको, हे तुला विचारत नाही. खेळणारच. ज्या दिवसासाठी तुझा हात गेला, तो दिवस असा फुकट घालवला तर मी महामूर्ख. विचारायचं ते वेगळंच आहे.

आधी सीतारामला कार्ड टाक. मला शिव्या नंतर घाल, मी कुठे पळून जात नाही. त्याला वहिनीच्या हातून नको, तुझ्या हाताने लिही, वाकडंतिकडं चालेल. मी त्याला सांगितलंय की तुला खरं कळवतोय. तो म्हणाला, “कशाला उगाच?” आणि मोरीत तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

आणि दुसरं, तू ये. देवगडहून बोटीने ये. माझ्याशी बोलू नकोस, सीतारामकडे उतर, त्याच्याच शेजारी बस. महाराष्ट्राच्या बाजूने ओरड. माझ्या प्रत्येक चेंडूला चौकार बसो म्हणून गाऱ्हाणं घाल, कुळदेवाला नारळ बोल. काहीही कर, पण ये. ही मुंबई तुटू नये म्हणून तू रस्त्यावर उभा राहिलास. मला तोडू नकोस रे दादा.

मुंबईसह तुझाच,
गुणाजी